नितळ यायला हवी होती ती चकती

आमच्या शेडमध्ये जो माल बनायचा त्याचं पूर्ण नाव मला शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. मॅग्नेशियम फ्लोराइड एवढं जमायचं. त्यात शेड चालवणाऱ्या बाई चिमूटभर आणखी कसलीशी पावडर मिसळायच्या, तिच्या नावापाशी माझी जीभ अडकायची. कॅन्टीनमध्ये आम्हाला सगळे 'बशीवाले' म्हणायचे. भट्टीतून तळहाताएवढी गोल चकती निघायची, पांढरीफेक, चहाच्या बशीसारखी. आणि तिथंच तर गोम होती. ती पांढरी निघायला नको होती.

मुलगी म्हणते, आई गेल्यापासून तुम्ही सगळ्यांवर नुसते खेकसता, त्यापेक्षा वहीत लिहा. बरं, लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब आहे. पण खोटं लिहिणार नाही. खोटं बोलायची सवय मला नव्हती, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

खाडीलगतची आमची भातशेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो. बदल्यात काय मिळालं ते सोडा, त्यावर बोलायला लागलो तर वही तिथंच संपेल. दिघ्याकडच्या एका केमिकल कंपनीत चिकटलो आणि त्यांनी मला नेऊन उभं केलं ॲसिडच्या प्लँटवर. मोरी धुवायचं ॲसिड नव्हे. हे काच खातं. काचेच्या बरणीत ठेवलं तर बरणीच खाईल, म्हणून प्लास्टिकच्या पिंपात ठेवायचे. अंगावर पडलं तर त्या वेळी फारसं काही वाटत नाही, तीच त्याची लबाडी. आमच्यातल्या एकाच्या हातमोज्याला भोक होतं, नखाखाली थेंब शिरला. दुपारभर तो हसत-खेळत काम करत होता. संध्याकाळी घरी जमिनीवर लोळायला लागला. बोटाचं पेर कापावं लागलं. तो राहायचा आमच्याच आळीत. बायकोनं त्याचं ते लोळणं बघितलं, घरी आली आणि पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमी त्या कामावर जाचा नाय."

"मग खायचं काय?"

"ते मना माहीत नाय. जाचा नाय म्हंजे नाय."

मी आठ वर्षं गेलो. दुसरं काय करणार होतो? ती रोज तोंड फिरवून डबा हातात द्यायची. पुढं मला खोकला लागला, सकाळी उठल्या उठल्या यायचा. ती चुलीपाशी बसून माझा खोकला मोजायची. "आज सतरा येला," म्हणायची. मी म्हणायचो, तुला दुसरा धंदा नाही का? तर म्हणे, नाय.

ऐंशी साल उलटल्यावर कंपनीनं मागच्या गेटाजवळ एक नवी शेड घातली. प्रयोगाची शेड. पुण्याकडची एक बाई आणली, शिकून डॉक्टर झालेली. औषधं देणारी नव्हे, पावडरीतली. वय तिशीच्या आसपास, चष्मा, आवाज खणखणीत. तिला हाताखाली दोन माणसं हवी होती. अट एकच, कामावर खाडे नकोत. माझा आठ वर्षांत खाडा नव्हता, म्हणून मी. आणि एक साताऱ्याकडचा जोडीदार. मॅनेजरनं दोघांना बोलावून सांगितलं, "ही बदली कायमची समजू नका. बाईंचा माल जमला तर तिथंच राहाल. नाही जमला तर शेड बंद, आणि तुम्ही परत आपापल्या प्लँटवर."

हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "म्हंजे त्या बाईचा माल झाला तर तुमी वाचलाव."

एवढं सरळ मलाही जमलं नसतं सांगायला.

आता माल म्हणजे काय, ते बाईंनी मला जसं सांगितलं तसं सांगतो. साध्या काचेतून उजेड आरपार जातो, पण तापलेल्या वस्तूची जी आच असते, त्यातली बरीचशी काचेत अडते. ह्या चकतीतून ती आच जाते. म्हणजे उष्णता बघणारं यंत्र करायचं झालं, धगधगती भट्टी लांबून तपासायची झाली, अंधारात गरम इंजिन ओळखायचं झालं, तर त्या यंत्राच्या डोळ्याला काच चालत नाही, हे लागतं. शिवाय वितळलेले काही धातू ह्याला चिकटत नाहीत. बरीचशी ॲसिडं ह्याला बोट लावत नाहीत. कॅमेऱ्याच्या भिंगावर ह्याचा पातळ थर दिला तर भिंग चमकत नाही. मी विचारलं, "एवढे गुण आहेत तर मग अडलंय कुठं?" बाई म्हणाल्या, "भाऊ, नितळ येत नाही. नितळ आली तरच डोळा. दुधाळ आली तर बशी."

म्हणजे कॅन्टीनवाले बरोबरच बोलत होते. मला राग आला.

काम असं चालायचं. तांदळाच्या पिठासारखी मऊ पावडर आदल्या दिवशी ओव्हनमध्ये सुकवून झाकून ठेवलेली असायची. सकाळी आठला मी ती साच्यात भरायचो, साचा भट्टीत, झाकण घट्ट. मग पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची, भट्टी हळूहळू तापवायची, आणि लाल झाली की वरून दाब द्यायचा. भट्टीला समोर एक छोटी काचेची खिडकी होती, आतला रंग बघायला. संध्याकाळी बंद करून रात्रभर निवू द्यायची. घाई केली की तडा. झाकण उघडायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवसाला एक चकती. बाई वाशीवरून कंपनीच्या बसनं यायच्या, त्यांना पोचायला सव्वानऊ व्हायचे. तोपर्यंत माझं भरून, झाकून, पंप सुरू झालेला असायचा.

आणि बाईंचा नियम एकच, पण तो दिवसातून दहा वेळा ऐकावा लागायचा. पाणी नको. पाण्याचा ग्लास आत आणायचा नाही. चहा बाहेर. हात धुतले तर पुसून, मग हीटरसमोर धरून, मगच पावडरीला हात. खाडीचा वारा ओला म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या. कोपऱ्याकोपऱ्यात ओल शोषणाऱ्या खड्यांच्या परड्या. एकदा जोडीदाराला घाम आला तर बाईंनी त्याला बाहेर काढलं. तो मला म्हणाला, "हितं माणसानं वाळवण होऊनच याय पायजे."

इतकं करून चकती रोज दुधाळ. रोज! बाईंनी पावडरवाल्याला पत्रं लिहिली. पंपवाल्याशी फोनवर भांडल्या. पंपाचं तेल तीनदा बदललं. नवा साचा मागवला. दर सकाळी झाकण उघडलं की आत तीच बशी. मी वैतागायचो, जोडीदार वैतागायचा, बाई चष्मा काढून डोळे चोळायच्या. आणि मॅनेजर दर पंधरा दिवसांनी दारात यायचा, "काय, झाली का नितळ?" असं विचारायचा आणि उत्तर न ऐकताच निघून जायचा. दिवाळीनंतर मुंबईहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढं सलग पाच नितळ चकत्या ठेवायच्या, नाहीतर शेड बंद. हे आम्हाला कागदावर लिहून दिलं होतं.

आता घरातली गोष्ट. बायकोनं नवस केला नव्हता. ती म्हणायची, नवस फेडला की संपतो, हे संपवायचं काम नाय. तिनं काय केलं, तर दर मंगळवारी गावदेवीच्या देवळात जायचं, देवीचे पाय धुतलेलं पाणी एका छोट्या बाटलीत आणायचं, औषधाची रिकामी बाटली होती मुलीची, आणि ती माझ्या डब्याबरोबर द्यायची. "भट्टी पेटवाच्या आधी शिंपराचं. तीन थेंब." आणि संध्याकाळी मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत, "शिंपरलं का?"

मी देवाधर्मातला माणूस नाही. पण रोज संध्याकाळी हा प्रश्न यायचा आणि मला तिच्याशी खोटं बोलता यायचं नाही. तोंडच उचलायचं नाही. म्हणून मी शिंपडायचो. बाई यायच्या आत, जोडीदार बाहेर चहा प्यायला गेला की. साच्यात पावडर भरून झाली की बाटलीच्या तोंडावर अंगठा धरायचा, तीन थेंब पावडरीवर, हात जोडायचे, झाकण लावायचं.

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, बाई दिवसातून दहा वेळा पाणी नको म्हणून ओरडत होती ना? होती. पण ते पाणी. हे तीर्थ. तीर्थाला कोणी पाणी म्हणतं का? देवळात तळहातावर देतात ते आपण तहान लागली म्हणून पितो का? माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी कधी एकत्र आल्याच नाहीत. बाईंनी सांगितलं असतं की तीर्थ नको, तर मला कळलं असतं.

सात महिने असे गेले.

मग माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं. आमच्याकडं हळदीलाच दोन दिवस जातात, तीन दिवसांची रजा काढली. नोकरीत पहिल्यांदा. परत आलो तर शेडमध्ये उत्सव. जोडीदारानं भरलेल्या तिन्ही चकत्या नितळ! बाईंनी वर्तमानपत्रावर एक चकती ठेवली होती आणि खालची अक्षरं वाचून दाखवत होत्या. किंचित पिवळसर झाक, पण आरपार. मी खुश झालो. म्हटलं चला, जमलं, देवी पावली. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आत पुढची चकती मी भरली. तीन थेंब टाकून.

दुधाळ.

बाईंकडं एक रजिस्टर होतं. कुठल्या दिवशी किती ताप, किती दाब, हवा कशी, पावडर कुठल्या पिंपातली आणि भरली कोणी. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं आणि बोट ठेवलं.

"भाऊ, तुम्ही वेगळं काय करता?"

"काही नाही."

"काहीतरी करताच. नाहीतर यांच्या हातची नितळ आणि तुमची दुधाळ, असं कसं?"

माझं डोकं फिरलं. आठ वर्षं ॲसिडच्या प्लँटवर एक थेंब सांडू दिला नाही मी, आणि ही मला विचारते वेगळं काय करता! मी म्हटलं, "उद्या पहिल्या बसनं या आणि उभ्या राहून बघा."

आल्या. हाताची घडी घालून माझ्या मागं उभ्या राहिल्या. मी सगळं जसंच्या तसं केलं. बाटली खिशातच राहिली, कारण बाईंसमोर ती काढायची लाज वाटली. चकती नितळ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या, पुन्हा नितळ. तिसऱ्या दिवशी त्यांची बस चुकली. मी एकटाच होतो. दुधाळ.

बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "मी असताना तुम्ही एक करता आणि नसताना दुसरं. मला नजर ठेवावी लागणारा माणूस नको. महिनाअखेर मी मॅनेजरना सांगणार आहे, दुसरा माणूस द्या."

म्हणजे परत ॲसिड.

तीन दिवस मी मुद्दाम ती झोपल्यावर घरी आलो होतो. त्या दिवशी वेळेवर गेलो तर उंबऱ्यातच, "शिंपरलं का?"

"काल शिंपडलं, आज शिंपडलं. पण त्याआधी दोन दिवस नाही. बाई उभी होती."

तिचा चेहरा पडला. बदलीचं मी बोललोच नव्हतो, पण काहीतरी बिनसलंय हे तिला दिसत होतं. म्हणाली, "दोन दिस ऱ्हायलं, म्हनूनच काय तरी आडवं आलंय. उद्या भरून काढा. दुप्पट शिंपरा." मला तिचा राग आला, बाईंचा आला, त्या पांढऱ्या पिठाचा आला. दुसऱ्या दिवशी बाईंना ठाण्याला काम होतं, त्या दुपारी येणार होत्या. मी चिडून दुप्पट नाही, अर्धी बाटली ओतली. म्हटलं, घे, एकदाच काय ते हो.

पुढच्या सकाळी झाकण उघडलं. चकती कसली, दह्याची कवडी. कडेला तडे. आणि झाकण उचललं त्या क्षणी नाकाला एक वास लागला. अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला कळलासुद्धा नसता. मी मागं सरकलो, पायच आपोआप सरकले. आठ वर्षं त्या वासावर पाळत ठेवून जगलो होतो मी. मग भट्टीच्या खिडकीकडं बघितलं. ती काच न्हाणीघराच्या काचेसारखी धुरकट झाली होती. फडक्यानं पुसली, निघेना. बोट फिरवलं तर खरखरीत.

काच खाणारी वस्तू मला एकच ठाऊक होती.

मी स्टुलावर बसलो. बाई आल्या तेव्हा तसाच बसलेला होतो. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काय झालं?"

"बाई, ह्या पावडरला पाणी लागलं आणि मग ती तापली, तर काय होतं?"

"शंभर वेळा सांगितलंय. फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जातं. मागं राहते ती दुसरीच वस्तू, पांढरी. म्हणून तर दुधाळ होते."

"आणि निघून जातं ते काय होऊन जातं?"

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही ज्या प्लँटवर होतात ना, तिथं जे बनतं, तेच. त्याचीच वाफ."

"किती पाणी लागतं त्याला?"

"थेंबसुद्धा खूप झाला."

"तीर्थ असलं तरी?"

"काय?"

मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. मंगळवार, देवी, अंगठा, तीन थेंब, काल अर्धी बाटली. जोडीदार दारात उभा राहून ऐकत होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी कपाळ रजिस्टरवर टेकवलं.

"सात महिने," त्या तशाच खाली तोंड घालून म्हणाल्या. "सात महिने मी त्या पंपवाल्याला शिव्या घातल्या. रोज टाकत होता?"

"रोज. तुम्ही उभ्या असलात की नाही."

"मी असताना का नाही?"

"लाज वाटायची."

"आणि मी पाणी आणू नका म्हणत होते, त्याचं काय?"

"हे पाणी नाही ना, बाई. तीर्थ आहे."

जोडीदार फिस्सकन हसला. बाईंनी डोकं वर केलं, त्याच्याकडं असं बघितलं की तो बाहेरच गेला. मग त्यांनी पेन उघडलं. रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना होता, दोष कशामुळे, म्हणून. मी म्हटलं, "माझं नाव लिहा, खरं आहे ते. पण मला परत तिकडं पाठवू नका. माझी बायको..." मी आयुष्यात कुणाला विनवलं नव्हतं. नव्या शहरासाठी शेत गेलं तेव्हाही नाही.

त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली. 'साच्यात पाण्याचा अंश. कारण सापडले.' एवढंच. वर म्हणाल्या, "पुन्हा बाटली आत दिसली तर मात्र मी तुम्हालाच भट्टीत घालीन."

इथपर्यंत सगळं ठीक झालं. पुढं मी जे केलं ते ठीक नव्हतं.

घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. "शिंपरलं का?"

मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, "तुझ्या पाण्यानंच सगळा घोळ झालाय. ते गरम झालं की त्याचं तेच विष होतं. सात महिने."

तिनं सूप खाली ठेवलं. आधी चिडली. "मी काय यंत्रात ओताला सांगलं व्हतं? दारात शिंपराचं असतं. उंबऱ्यावर. कुनी पिठात ओततं काय देवीचं पानी?"

खरं होतं ते. शिंपरा म्हणाली होती, कुठं ते मी विचारलंच नव्हतं. उंबऱ्यावर शिंपडून काय होणार, काम आत आहे तर आतच टाकावं, असा माझा उतावळा कारभार. पण मी ते कबूल केलं नाही.

मग तिचा आवाज खाली आला. "म्हंजे ती वाफ तुमच्या नाकात मी घातली? सात म्हैनं?"

मी म्हटलं, "हो."

बस. एवढंच. थोडीशीच होती, पंपानं ओढून बाहेर टाकली, मला काही झालं नाही, असं म्हणायला काय जात होतं माझं? ते खरंही होतं. खोटं बोलावं लागलं नसतं. पण मी सरळ माणूस ना! सरळ बोलतो, सरळ. ह्या सरळपणाचं आता काय लोणचं घालू?

ती त्या दिवशी जेवली नाही. आणि त्यानंतर संध्याकाळी मी घरात पाऊल ठेवलं की काही विचारायची नाही. "आलाव?" एवढं म्हणायची. मंगळवारी देवळात जायची, पण रिकाम्या हातानं परत यायची. सात महिने त्या प्रश्नानं माझं डोकं उठवलं होतं, आणि आता तो येत नव्हता तर घरात पाय टाकवेना.

दिवाळी झाली, साहेब लोक आले. एकेकानं चकत्या हातात घेतल्या, उजेडाकडं धरल्या, यंत्राखाली ठेवल्या. पाच मागितल्या होत्या, बाईंनी अकरा मांडल्या. त्यांतल्या सात माझ्या हातच्या. इंग्रजीत बोलणं चाललं होतं, मला काही कळत नव्हतं, मी बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होतो. शेवटी मॅनेजर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चला, तुमची शेड राहिली." जसं काही त्यानंच वाचवली.

बाईंना मी एक वस्तू मागितली. काठ उडालेली एक नितळ चकती होती, कामाची नव्हती. "घरी न्यायची आहे," म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. फडक्यात गुंडाळून दिली, गेटवर दाखवायला चिठ्ठीही दिली.

संध्याकाळी बायको शेगडीपाशी बसली होती, कोळसे फुललेले. मी जाऊन शेजारी बसलो. "शेड राहिली," म्हटलं. "मी तिकडं जाणार नाही आता."

तिनं मान हलवली. ऐकलं, पण बघितलं नाही.

मी देवाच्या तसबिरीची एक जुनी काच निघालेली होती ती आणली. "हात पुढं कर." तिनं करायच्या आत मीच तिचा हात ओढला आणि कोळशांसमोर काच धरली, तिच्या तळव्याच्या आड. "किती ऊन लागतंय?"

"जरासं."

काच बाजूला ठेवली आणि चकती धरली. तिनं हात मागं घेतला. मग पुन्हा पुढं केला. चकतीतून पलीकडचे लाल कोळसे दिसत होते. ती हात जवळ नेऊन, लांब नेऊन बघत राहिली. काच पुन्हा मागितली. पुन्हा चकती. स्वतःच आलटून पालटून धरून बघितलं.

"आच येते ह्याच्यातून."

"म्हणूनच तर सगळा खटाटोप."

"मंग हे आधी सांगाला काय झालं व्हतं? मना वाटायचं तुमी बश्या करता." आणि मग, "पानी लागलं की ही आच आरते व्हय?"

"अडते."

"तुमचं डोकं पन तसंच हाय," ती म्हणाली. "काय सांगाला गेलं की आरतं."

मी हसलो. मला त्या दिवशी तिला सांगायचं होतं की माझ्या नाकात तू काही घातलं नाहीस. चांगली संधी होती. मी तिला सांगितलं की भात करपतोय.

शेड पुढं पाच-सहा वर्षं चालली. मग म्हणे बाहेरून तयार माल स्वस्त पडायला लागला, आणि एक दिवस कुलूप लागलं. बाई त्याआधीच दुसरीकडं गेल्या, पण जाताना मॅनेजरकडून लिहून घेतलं की ह्या दोघांना ॲसिडवर घालायचं नाही. मला स्टोअरला टाकलं, जोडीदाराला गेटवर. निवृत्त होईपर्यंत मी त्या प्लँटची पायरी चढलो नाही. सकाळचा खोकला कधी थांबला ते कळलंच नाही. तिला कळलं असेल, ती मोजत होती.

आणि स्वतःचं काय? पाय सुजायचे ते साडीखाली झाकायची. धाप लागली की जिन्यात उभी राहून शेजारणीशी बोलायचं नाटक करायची. माझी छाती आयुष्यभर ऐकत बसली आणि तिच्या मूत्रपिंडांचं मला कळलं ते हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात. मी तिच्यावर ओरडलो. वॉर्डात, सगळ्यांसमोर. सांगितलं का नाहीस म्हणून. ती म्हणाली, "तुमी इचारलं कवा?"

मागच्या महिन्यात मुलगी मला जबरदस्तीनं डॉक्टरकडं घेऊन गेली. पोरगेलासा डॉक्टर. नळी छातीला लावली, पाठीला लावली, श्वास घ्या, सोडा, फोटो बघितला. म्हणाला, "आजोबा, केमिकलमध्ये होता ना तुम्ही? या वयात इतकी स्वच्छ छाती! नशीबवान आहात."

मला असा संताप आला. नशीब! म्हटलं, ह्याला बसवून सगळं सांगावं. पण बाहेर पेशंट बसलेले होते, मुलगी पिशवी उचलून उभी राहिली होती, आणि तो पुढची चिठ्ठी लिहायला लागला होता. मी शर्टाची बटणं लावली आणि त्याला सांगितलं, "नशीब नाही. माझी बायको होती." तो वर न बघता म्हणाला, "हो का? छान." मुलीनं माझा दंड धरला आणि आम्ही जिना उतरलो.